उसनं बोट

वहिनी,

काल सकाळी सात वाजता मी तुम्हाला दिलेला शब्द मोडला. तोही तुमच्याच फोनवरून. आता रागवा नाहीतर अबोला धरा, तुमची मर्जी. अबोला तर तुम्ही तीन आठवडे धरलेलाच आहे. पण त्या फोटोतून माझ्याकडे ज्या नजरेनं बघताय ना, ती मला चांगली ओळखीची आहे. गृहपाठ न करता आलेल्या पोरांवर तुम्ही नोकरीभर तीच रोखत आलात.

म्हणून लिहायला बसले. समोरासमोर भांडायची सोय राहिली नाही, तर निदान माझी बाजू कागदावर असावी. माझा सगळा जन्म सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळण्यात गेला. एखादी गोष्ट कागदावर आली की मला बरं वाटतं.

दादा गेल्यापासून हडपसरच्या या दोन खोल्यांत आपण दोघीच. नणंद-भावजय एका छताखाली नांदतात याचं बिल्डिंगमध्ये केवढं कौतुक! त्यांना आपली भांडणं ऐकू गेली नाहीत एवढंच. तुम्ही आधी खिडक्या लावून घ्यायचात आणि मग ओरडायचात. महापालिकेच्या शाळेतल्या बाई तुम्ही, आवाजाला तोटा नव्हता. आणि फार चिडलात की माहेरची वर्धा बाहेर यायची. "नलू, मले नको शिकवू." हे वाक्य आलं की मी समजायची, आता बोलण्यात अर्थ नाही.

तुमची साखर निघाली तेव्हा दोन दिवस तुम्ही डॉक्टरांवर रुसून होतात. तिसऱ्या दिवशी तुमच्या लेकानं, मिलिंदनं, तुम्हाला फोनवरच्या त्या ग्रुपमध्ये घातलं. सगळी साखरवालीच माणसं, दीड-दोनशे, कोणी कोणाला पाहिलेलं नाही. तेव्हा तिथे नुसता बाजार होता. कोणी भेंडीचं पाणी पाठवतंय, कोणी कुठल्याशा पाल्याचा रस पाठवतंय, कोणी नुसतंच गुलाबाचं फूल. तुम्ही महिनाभर गप्प बसून वाचलंत आणि मग शाळा भरवलीत. "हे कोणत्या डॉक्टरांनी सांगितलं? आपण स्वतः घेऊन पाहिलंत का? पाहिलं असेल तर आधीचा आणि नंतरचा आकडा कळवावा." पंधरा दिवसांत फुलं बंद झाली. भेंडीवाले गृहस्थ ग्रुप सोडून गेले. जाताना त्यांनी तुम्हाला हात जोडल्याचं चित्र पाठवलं होतं, ते तुम्ही मला तीनदा दाखवलंत.

आणि मग ती तुमची हजेरी. रोज सकाळी सात, उपाशीपोटी, मशीनवरच्या आकड्याचा फोटो. ज्याचा फोटो नाही त्याला नावानं हाक. "देशमुख, आज गैरहजर का?" रविवारी आणखी एक सवाल असायचा: "तळपाय आरशात बघितले का सगळ्यांनी?" मी हसायची. म्हणायची, शाळा सुटली तरी घंटा काही तुमच्या हातातून सुटत नाही. पण खरं सांगू, माणसं ऐकायची तुमचं. साठी उलटलेले बाप्ये न चुकता तळपायांचे फोटो पाठवायचे. सगळे तुम्हाला 'बाई'च म्हणायचे.

तुम्ही पहिल्यांदा बोट मागितलंत तो दिवस माझ्या नीट लक्षात आहे, कारण माझे हात भाकरीच्या पिठानं भरलेले होते. आदल्या दिवशी मिलिंदच्या मेव्हणीचं लग्न होतं आणि तुम्ही जिलेबीच्या ताटाशी काय बोलणी केलीत ते मी बघितलं होतं. सकाळी मशीन हातात घेऊन स्वयंपाकघरात उभ्या. २१४.

"हात धू आणि बोट दे गं."

"माझं कशाला?"

"आजच्या दिवस. प्रश्न नको विचारूस."

मला वाटलं, मशीन बरोबर चालतंय का ते तपासताय. ९४ आला. तुम्ही फोटो काढलात आणि गेलात. अर्ध्या तासानं हॉलमधून तुमचा आवाज आला, तुम्ही वाचून दाखवत होतात, "वा बाई! लग्नात जेवूनसुद्धा ९४! तुमच्याकडून शिकावं!" तेव्हा माझी ट्यूब पेटली. मी तव्यावरची भाकरी करपवली आणि तुम्हाला काय ते बोलले. तुम्ही खिडक्यासुद्धा लावल्या नाहीत, म्हणजे चूक तुम्हाला कळलेली होती.

असा तो 'आजच्या दिवस' पावणेदोन वर्षं चालला. लगेच रोज नव्हे. पहिल्यांदा महिन्यातून दोन-तीनदा, मग आठवड्यातून, मग रोजच. सात वाजले की तुमची हाक यायची, "दे गं बोट." आणि मी द्यायची.

का द्यायची? हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही, आज सांगते. मला ते आवडायचं. अहो, तीस वर्षं कचेरीत बसले, एका माणसानं कधी म्हटलं नाही की नलिनीबाई, छान काम केलंत. आणि इथे माझ्या रक्ताच्या एका थेंबाला शंभर माणसं टाळ्या वाजवत होती. ९१! ९६! आदर्श! नाव तुमचं होतं, पण बोट माझं होतं ना. तुम्ही वाचून दाखवायचात आणि मी तोंड वाकडं करायची, पण आतून सुखावायची. तुमच्या खोटेपणाला मी नावं ठेवली, पण त्यातला माझा वाटा मी रोज सकाळी चाखत होते. लाज वाटते लिहिताना, पण खरं आहे.

भांडलो नाही असं नाही. एकदा मी स्पष्टच विचारलं, "भेंडीवाल्याला हाकललंत, आणि स्वतः काय करताय?" तुम्ही पोळ्या लाटत होतात. लाटणं थांबलं नाही.

"त्यानं औषध खोटं सांगितलं होतं. मी खोटं काय सांगते? गोळ्या वेळेवर घ्या, चाला, ताट आवरा. चुकीचं आहे का यात काही?"

"सांगणं बरोबर आहे. आकडा खोटा आहे."

"आकडा बघूनच माणसं चालतात, नलू. मला २४० आली म्हटलं की उद्या निम्मी चालायची बंद होतील. म्हणतील, बाईंनाच जमलं नाही."

मी तुमच्या लाटलेल्या पोळ्या शेकत राहिले. तुमच्यामुळे त्यातल्या किती जणांनी खरोखर साखर ताब्यात आणली, ते तुम्ही गेल्यावर मी त्यांच्या मेसेजमध्ये वाचलं. रडवलंत तुम्ही मला. खोट्या आकड्यांवर खरी माणसं बरी झाली, आता याचं मी काय करू?

पण डॉक्टरांनी इन्सुलिन लिहून दिलं तेव्हा मात्र मी गप्प बसायला नको होतं. तो कागद तुम्ही कपाटात साड्यांच्या खाली ठेवलात. इतके महिने ग्रुपवर सांगत आलात की सुईशिवाय होतं, माझं बघा. आता सुई टोचली तर तोंड कुठे लपवणार? टोचून कोणाला सांगितलं नसतं तरी चाललं असतं, असं मी म्हटलं. तर म्हणालात, "मी खोटारडी नाही." वहिनी, त्या दिवशी मला हसावं की रडावं कळेना. रोज सकाळी माझं बोट स्वतःच्या नावावर चढवणारी बाई मला सांगत होती की ती खोटारडी नाही! आणि सांगताना तुमचा चेहरा इतका खरा होता की मीच खाली बघितलं. वर्धा बाहेर यायच्या आधीच मी माघार घेतली.

मध्ये एक गंमत झाली. गंमतच म्हणायची. ग्रुपवर कोणी लिहिलं, "बाई, रागवू नका, पण दोन महिने आकडा हळूहळू चढतोय. शंभरच्या वर गेलात. काय खाताय?" तुम्ही नेहमीसारखं मोठ्यानं वाचायला सुरुवात केलीत आणि मध्येच थांबलात. चष्म्यावरून माझ्याकडे बघितलंत.

"नलू, हे बोट तुझं आहे."

दुसऱ्या दिवशी मला गाडीतळाजवळच्या लॅबमध्ये ओढत नेलंत. मी नको नको म्हणत होते तर रिक्षावाल्यासमोर मला दम दिलात. रिपोर्ट काठावर आला. त्याच दिवसापासून माझा संध्याकाळचा फरसाण बंद, चहातली साखर बंद, आणि रोज बागेला चार फेऱ्या. कोणी तरी अनोळखी माणसानं तुमची काळजी म्हणून जे लिहिलं, ते मला लागू पडलं. तुमच्या खोट्यातून माझं भलं झालं. तुम्ही माझ्यासाठी लॅबमध्ये बाकावर बसून होतात तेव्हा मी म्हटलं होतं, "आता आलोच आहोत तर तुमचंही रक्त देऊन टाकू." तुम्ही पर्स सावरत म्हणालात, "माझं बघू नंतर."

तुमच्या टाचेला नवीन चपलेनं घासलं होतं ते मला कळलंच नाही. घरात मोजे घालून फिरायला लागलात तेव्हा वाटलं, थंडी. दीड-दोनशे माणसांना दर रविवारी आरशात तळपाय बघायला लावणाऱ्या बाई, तुमचा तो आरसा न्हाणीघरात मोरीवरच टांगलेला होता. तुम्ही बघितलं असणार. नक्की बघितलं असणार. मला दाखवलं नाहीत. वास यायला लागला तेव्हा मी मोजा ओढून काढला, आणि तिथून पुढचं सगळं फार भराभर झालं.

हॉस्पिटलात तिसऱ्या दिवशी तुम्ही जरा शुद्धीवर होतात. सकाळचे सात वाजले होते. तुम्ही उशीशेजारी फोन चाचपलात. मी म्हटलं, "आता पुरे. आता सांगा त्यांना." तुम्ही फोन उशीखाली सरकवलात.

"सांगते. घरी गेल्यावर. माझ्या तोंडानं सांगेन. तू नको सांगूस."

"नाही सांगत."

"शब्द दे."

दिला. तेव्हा वाटलं, दोन-चार दिवसांचा प्रश्न आहे.

तुम्ही गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाला हॉल भरला होता. शाळेतल्या बाया, दादांच्या ऑफिसातले, येरवड्याहून आपली सगळी माणसं. भन्तेजींची वंदना संपली, जेवणं सुरू झाली. शेवटच्या रांगेत एक बाई एकटीच बसलेली, चाळिशीची असेल. ताटातली खीर तिनं बाजूला काढून ठेवलेली आणि अर्धीच पोळी घेतलेली. मी विचारलं, "कोणाकडच्या तुम्ही?"

"मी सीमा. येरवड्याहून आले. बाईंच्या ग्रुपातली." मग खिरीकडे बघून म्हणाली, "बाईंना चाललं नसतं म्हणून."

ती पुढे बोलत राहिली. "ताई, एक विचारू? बाईंना शेवटपर्यंत सुई लागली नाही ना?"

मी मान हलवली. सुई लागली नव्हती हे खरंच होतं, तुम्ही लावूनच घेतली नव्हती.

"मला डॉक्टरांनी दोनदा लिहून दिली. मी म्हटलं, नाही घेणार. आमच्या बाईंचं बघा म्हटलं, ९५ येते, नुसतं चालून. डॉक्टर चिडतात, चिडू देत. मी पण बाईंसारखीच आणून दाखवणार." आणि तिनं माझे हात हातात घेतले, माझी बोटं, वहिनी. म्हणाली, "तुम्ही त्यांच्याजवळ होतात. नशीबवान तुम्ही."

मी तिला पाणी आणून दिलं आणि स्वयंपाक्यांकडे काहीतरी काम आहे असं सांगून तिथून पळाले.

चार दिवस मी त्या कपाटासमोरून नुसती येत-जात होते. मग त्यातून तुमचं मशीन काढलं. त्यात मागचे आकडे राहतात हे मला ठाऊक नव्हतं. बटण दाबत गेले तर एकापाठोपाठ येत गेले, जोडीजोडीनं. ११२, त्याआधी २६८. १०३, त्याआधी २५२. ९८, त्याआधी २३१. एक माझा, एक तुमचा. म्हणजे तुम्ही रोज आधी स्वतःचं बोट टोचत होतात, आकडा बघत होतात, आणि मग मला हाक मारत होतात. मला वाटायचं की तुम्ही स्वतःचं बघायचंच सोडून दिलंय. तसं नव्हतं. तुम्ही रोज सकाळी खरं काय ते बघत होतात, एकटीनं. मी पलीकडे स्वयंपाकघरात होते. एकदा तरी विचारायचं ना मी, की तुमचा किती आला? पावणेदोन वर्षांत एकदासुद्धा विचारलं नाही. मला माझ्याच आकड्याचं कौतुक होतं.

मिलिंदला सांगितलं. तो म्हणाला, "आत्या, राहू दे ना. गेली आई. लोक तिला मानतात. कशाला नाव खराब करायचं?" मी म्हटलं, "अरे, ती येरवड्याची बाई जिवाला मुकेल." तो म्हणाला, "मग तिला एकटीला सांग." मीही तोच विचार केला होता. पण वहिनी, त्या दीड-दोनशेत अशा किती सीमा आहेत ते मला काय ठाऊक? एक जेवायला आली म्हणून कळली.

म्हणून काल. सात वाजता तुमचा फोन उघडला. मी काही लिहायच्या आधीच नुसतं 'बाई टाइप करत आहेत' दिसलं असणार, कारण एकानं लिहिलं, "अरे देवा." मी लिहिलं, "मी नलिनी, बाईंची नणंद. घाबरू नका." मग कचेरीतल्या टिपणीसारखं लिहून काढलं. की गेली पावणेदोन वर्षं बाईंच्या नावावर जे आकडे आले त्यातले बरेचसे माझ्या बोटाचे आहेत. मला मधुमेह नाही. बाईंचा आकडा दोनशेच्या वर होता. डॉक्टरांनी त्यांना इन्सुलिन सांगितलं होतं, त्यांनी घेतलं नाही. पायाची जखम लपवली. या खोट्यात माझाही हात आहे, त्याबद्दल माफी मागते. बाईंचं ऐकून ज्यांनी सुई नाकारली असेल त्यांनी आजच्या आज डॉक्टरांकडे जावं. खाली मशीनचे दोन फोटो लावले, २६८ आणि ११२.

पुढचा तासभर काय झालं ते सांगत नाही, तुमचा जीव दुखेल. सतरा जण ग्रुप सोडून गेले. एकीनं लिहिलं, मेलेल्या माणसाबद्दल असं लिहायला जीभ कशी रेटते. मी लिहिलं, रेटत नाहीच. आणि मग तुमचे ते देशमुख! त्यांनी लिहिलं, "आता बोलतोच. मी गेले दोन महिने जुनाच फोटो टाकतोय." त्यांच्यामागून कोणी तरी, "माझा आकडा सुनेचा असतो." मग आणखी एक. मग आणखी. बाई, अहो, तुमच्या वर्गात निम्मी पोरं कॉपी करत होती! तुमच्या धाकानं. मी हॉलमध्ये एकटी बसून हसले, आणि हसता हसता हुंदका आला. त्यातल्या प्रत्येकाला वाटत होतं, आपण एकटेच खोटं बोलतोय, आणि तुम्हालाही तसंच वाटत होतं. एक जण जरी आधी बोलला असता. मी जरी बोलले असते.

सीमानं वाचल्याचं दिसत होतं, पण दिवसभर तिचं अक्षर नाही. मी चार फेऱ्यांच्या आठ घातल्या.

आज सकाळी सात वाजता तिचा फोटो आला. ३०१. खाली लिहिलं होतं, "ही माझी. खरी. काल दिवसभर तुम्हाला शिव्या दिल्या, ताई. बाईंना पण दिल्या. आज अकरा वाजता डॉक्टरकडे जाणार आहे. सुईची फार भीती वाटते."

मी लिहिलं, "मी येते."

साडेनऊची बस धरली तर वेळेत पोचेन. कपाटातला तुमचा तो कागद सोबत घेतलाय, साड्यांखालचा. तिला दाखवीन. तिला सांगेन की बाईंनाही भीतीच वाटत होती, दुसरं काही नव्हतं. ते तरी मी तुमच्या वतीनं सांगू शकते ना? सुईची नव्हे, पण भीतीच.

शब्द मोडला त्याबद्दल माफी मागत नाही. तुमच्या तोंडानं सांगायचं राहिलं ते माझ्या तोंडानं सांगितलं. माझं बोट तुमच्या नावावर लावलंत तेव्हा तुम्ही विचारलं नव्हतंत, आता मीही विचारलं नाही. फिटंफाट. पण तुम्ही आधी टोचून घ्यायचात आणि मग मला हाक मारायचात, त्या मधल्या दोन मिनिटांत मी तुमच्याजवळ नव्हते, त्याची माफी मागते.

हजेरी चालू आहे. आज सकाळी माझीही लावली, माझ्या नावावर. ११८. काठावरच आहे अजून, फरसाणाला हात लावलेला नाही, शपथ. सात वाजले की बोट आपोआप पुढे होतं, वहिनी. मग लक्षात येतं, आता ते मलाच टोचायचंय.

तुमची,
नलू